लाल ठिपक्यांची वही

७ फेब्रुवारी

आणि पत्राच्या शेवटी ‘तब्येतीची काळजी घे’ असं लिहायची तुला काय गरज पडली, ते आधी सांग. पाच वर्षांत तू मला तीन पत्रं लिहिलीस. एकातही माझ्या तब्येतीचं नाव नव्हतं. पहिल्यात विचारलं होतंस, घर सोडताना तुझी छत्री नेली का. (नेली नव्हती. तुझ्या कारकुनाला विचार.) दुसऱ्यात घराच्या कागदावर माझी सही पाहिजे होती. तिसऱ्यात ती सही नीट आली नाही म्हणून परत पाहिजे होती. आणि आता एकाच महिन्यात दोन पत्रं, दोन्ही रजिस्टर, दोन्हींना पोचपावती, आणि दोन्हींत माझी तब्येत. दादा, मी सातवी नापास आहे, आंधळा नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

तू लिहितोस, ‘बाबांची युद्धाच्या वेळची भरती-केंद्रावरची नोंदवही तुझ्याकडे असल्यास मूळ प्रत पाठवावी, आईच्या पेन्शनच्या कामी आवश्यक.’ आता आईचं पेन्शन नऊ वर्षं बिनबोभाट चालू आहे. बाबा गेल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून चालू आहे. त्याला आज अचानक वही कशाला लागते? ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय तुझ्या अशिलांना आवडत असेल. मला लहानपणापासून माहीत आहे.

आणि ‘तुझ्याकडे असल्यास’ म्हणजे काय? घरातलं काय मी नेलं? घर तुला, दवाखान्याची खोली तुला. बाबा गेले आणि वर्षाच्या आत तू त्यांची पाटी उतरवून स्वतःची लावलीस. ज्या टेबलावर रोगी झोपायचे त्यावर तुझ्या फायली झोपल्या. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, मला कोणी विचारलं नाही. मी निघालो तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती, तीही आईने भरलेली.

बरं, लपवत नाही. वही माझ्याकडे आहे. लोकरीच्या कपड्यांखाली होती, बाबांच्या छाती तपासायच्या नळीबरोबर. आईने न सांगता घातली होती. मी ती पाच वर्षं उघडली नव्हती, कारण बाबांचं अक्षर मला कधीच लागलं नाही. नळी मात्र कधीकधी कानाला लावून बसतो, त्यात कोणाला काही अडचण नसावी.

वही पाठवत नाही. एक पान फाडून पाठवतोय. त्याचं काय करतोस ते बघून बाकीचं ठरवीन. मी इथे दगड कापतो, पण डोकं अजून दगडाचं झालेलं नाही.

२१ फेब्रुवारी

वाटलंच होतं. पान मिळालं म्हणून चार ओळी, आणि त्या ठिपक्यांबद्दल दोन पानं.

‘काही नावांपुढे फिट लिहून खाली लाल पेन्सिलीचा बारीक ठिपका आहे. तू लहानपणी बाबांच्या जवळ जास्त असायचास. त्याचा अर्थ तुला आठवतो का?’ वा. मी जवळ असायचो हे तुला आज आठवलं.

मला काय ठाऊक? पेन्सिलीचं टोक टेकलं असेल. माणूस दिवसाला शंभर-दीडशे उघड्या छात्या तपासतो, हात दमत नाही का? एखादा ठिपका पडायचाच. मुळात बाबांनी त्याबद्दल मला कधी काही सांगितलेलं नाही, मी कधी विचारलेलं नाही, आणि युद्ध झालं तेव्हा मी जन्मलो नव्हतो, हे तुलाही माहीत आहे. मग मलाच का विचारतोस? आईला विचार. ती त्याच काळात मोठ्या इस्पितळात नर्स होती. ती म्हणते आठवत नाही, असं तू लिहितोस. तिला आठवत नाही तर मला कुठून आठवणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि तो कोरा स्टँपपेपर. खाली फुली मारून ‘इथे सही कर, मजकूर मी मागाहून टंकून घेतो.’ दादा, कोऱ्या कागदावर सही करू नये हे मला कोणी शिकवलं? तूच. मी नऊ वर्षांचा होतो, तू कॉलेजातून सुट्टीला आला होतास आणि मला एका कोऱ्या कागदावर नाव लिहायला लावून वर लिहिलंस, ‘मी माझी सायकल दादाला दिली.’ मग आठ दिवस माझी सायकल फिरवलीस. धडा चांगला होता. स्टँपपेपर परत पाठवतोय.

मला काय वाटतं ते स्पष्ट लिहितो. मागच्या फोनला आई म्हणाली की तुझं नाव जजच्या यादीत आहे. जज होणाऱ्या माणसाचं घराणं धुतल्या तांदळासारखं लागतं. या वहीत काहीतरी आहे, ते तुला जाळायचं आहे. म्हणून मूळ प्रत. नक्कल का चालत नाही? कारण नक्कल जाळून उपयोग नाही.

वाचून घेणार आहे मी वही. इथे स्टोअरला एक जण आहे, पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर होता, सगळे त्याला कंपाउंडरच म्हणतात. जगात डॉक्टरांचं अक्षर वाचणारी एवढीच माणसं उरली आहेत. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याच्या खोलीवर बसतो. चहा माझ्याकडून.

९ मार्च

तुझं लांबलचक पत्र मिळालं. हाताने लिहिलेलं. कारकुनाला दिलं नाहीस, म्हणजे खरं असणार, एवढं मी समजतो.

तर जाळायची नाही. कोर्टात ठेवायची आहे. बाबांच्या विरुद्ध.

मी तुझ्यावर काय काय संशय घेतले होते. घर विकशील, जज होशील, वही जाळशील. एवढा मोठा संशय घ्यायला माझं डोकं कमी पडलं.

तू लिहितोस की त्या हिवाळ्यात आघाडीवर गेलेल्यांपैकी एकेचाळीस जण गोळीने नाही, छातीच्या दुखण्याने मेले. त्यांच्या बायकांना सरकारने पेन्शन दिलं नाही. का, तर भरतीच्या वेळी डॉक्टरने फिट लिहिलं होतं, पुढे आजारी पडले तो त्यांचा दोष. त्यातल्या नऊ बायका अजून जिवंत आहेत आणि तू त्यांचा वकील आहेस. वहीतून हे दिसलं पाहिजे की त्यांना आजारी असतानाच नेलं आणि नेणाऱ्याला ते ठाऊक होतं. सरकारी वकील म्हणतो, ठिपके म्हणजे ठिपके, त्यावरून काय कळतं? कोणीतरी सांगणारा पाहिजे. आणि सांगणारा सापडला तर निकालात बाबांचं नाव येईल, भरतीच्या कामाबद्दल मिळालेलं त्यांचं पदक सरकार परत घेईल, आणि पदकाच्या जोरावर आईला जे मिळतं ते बंद. म्हणजे ‘आईच्या पेन्शनच्या कामी’ हे खोटं नव्हतं, असं वर म्हणतोस. वकील तो वकील.

फी किती घेतोस त्यांच्याकडून? एक पैसा घेत नाही असं लिहिलं नाहीस, म्हणून विचारतो.

नऊ बायकांसाठी एका बाईच्या तोंडचा घास काढणार, आणि ती एक बाई आपली आई. वहिनींना हे सांगितलंस का? आईला तरी? सांगितलं नसणार. आपल्या घरात कोणी कोणाला काही सांगत नाही, सगळे पिशवीच्या तळाशी ठेवतात.

बाबा तुला सुटाबुटात शिकायला पाठवत होते तेव्हा पैसे कोणाच्या छात्या तपासून येत होते? आता त्यांनाच पिंजऱ्यात उभं करतोस, तेही मेल्यावर. जिवंतपणी त्यांच्यासमोर तुझा आवाज निघत नव्हता.

वही जळाली असं समज. मला परत लिहू नकोस.

२५ मार्च

मी लिहू नकोस म्हटलं आणि तू खरंच लिहिलं नाहीस. माझं एवढं ऐकायची तुझी ही पहिलीच वेळ, म्हणून यातही मला काहीतरी डाव दिसतो.

वही जळालेली नाही. कंपाउंडरने तिसऱ्या बैठकीत वाचून संपवली. त्याने मला काही विचारलं नाही. नावं मोठ्याने वाचत गेला, आणि जिथे ठिपका असेल तिथे तोंडाने काही न बोलता बोटाने टेबलावर ठोकत गेला. एका पानावर त्याने सतरा वेळा ठोकलं. मग म्हणाला, चहा थंड झाला.

आता इथलं ऐक. कारखान्यात वर्षातून एकदा डॉक्टर येतो. आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी दगडाच्या लाद्या कापतो. करवतीवर पाणी सोडायचं असतं म्हणजे धूळ बसते, पण पाण्याने माल उतरवायला वेळ लागतो, म्हणून मुकादम पाणी बंद ठेवतो. त्यामुळे सगळे पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे दिसतात. डॉक्टर येतो तो दिवस आमच्यासाठी चेष्टेचा असतो. शर्ट काढून रांगेत उभं राहायचं. माझ्या पुढे भोंगा होता. तो करवतीवर सतरा वर्षं आहे. खोकला लागला की गेटवरून ऐकू येतो, म्हणून भोंगा. पाळी बदलल्याचा खरा भोंगा वाजला तरी लोक म्हणतात, याला पाणी द्या रे.

डॉक्टरने त्याच्या छातीला नळी लावली, काढली, फिट. दोन श्वासांचाही वेळ नाही. मला तर लावलीही नाही. नाव विचारलं, फिट. मी म्हटलं, साहेब, नळी कानात घालायची राहिली तुमची. सगळे हसले. तोही हसला, आणि पुढच्याला बोलावलं.

मला हसू आलं नाही. मी त्या माणसाच्या हाताकडे बघत होतो. फिट लिहून झाल्यावर त्याने कागदावर आणखी काही केलं नाही. पेन्सिलही नव्हती त्याच्याकडे.

संध्याकाळी भोंगा खोलीवर आला. म्हणाला, डॉक्टरचा पोरगा ना तू, ती तुझी नळी काढ, बघ तरी आत काय चाललंय ते. चेष्टेने म्हणाला, पण बनियन आधीच वर केलं होतं. मी नळी लावली. पाठीला, खाली, दोन्ही बाजूंना, बाबा लावायचे तशी. आणि मला ऐकू आलं. कानाजवळ दोन बोटांत केसांची बट धरून चोळली की येतो तसा आवाज. तो कसा असतो हे मला कुणी शिकवलं ते तुला माहीत नाही. तू तेव्हा हॉस्टेलला होतास.

भोंगा मागे न वळता म्हणाला, काय रे, आहे का काही?

मी म्हटलं, काही नाही, ठीक आहे.

दादा, हे माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मला वाटलं दुसरंच कोणी बोललं. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीची परीक्षेची फी आहे. करवतीवरून उतरवला तर तो काय करणार, हा विचार माझ्या मनात आला का? आला असेल, नंतर. आधी ते वाक्य आलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला खरं सांगितलं. तुला वाटेल त्याने आभार मानले. त्याने मला आईवरून शिवी दिली आणि म्हणाला, पुन्हा हे कोणाजवळ बोललास तर करवतीखाली हात घालीन तुझा. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. तो अजून करवतीवर आहे. पण मुकादम नसला की पाण्याची तोटी उघडतो.

तुला हे का लिहितोय, मला कळत नाही. पुरावा म्हणून वापरू नकोस.

१२ एप्रिल

आधी आईचं. तिच्याशी बोललो. टाइम ऑफिसातल्या फोनवरून, टाइमकीपर समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. दोन मिनिटं मिळतात, त्याने सहा दिली. माझा चेहरा तसा असणार.

मी सरळ विचारलं, ती वही माझ्या पिशवीत का घातलीस. मला पाच वर्षं वाटत होतं की दादाच्या हाती लागू नये म्हणून घातली. माझ्यावर विश्वास म्हणून घातली. तुला सांगतो, इथे वाईट दिवस आले तेव्हा मी त्याच्यावर काढले.

ती म्हणाली, “तू वाचणार नाहीस म्हणून.”

टाइमकीपरने खिडकीबाहेर बघितलं.

मग तिने स्वतःहून सांगितलं. रोजचा आकडा वरून ठरवून यायचा. एवढी माणसं फिट निघाली पाहिजेत म्हणजे पाहिजेत. ज्या डॉक्टरचा आकडा दोनदा कमी पडला त्यालाच पुढे आघाडीवर पाठवायचे. बाबांचा एकदा पडला होता. “दुसऱ्यांदा पडला असता तर ते गेले असते. तू पोटात होतास,” ती म्हणाली. एवढंच. रडली नाही. तिला मी रडताना बघितलेलं नाही, नर्सच्या नोकरीत ते वापरून संपलं असेल.

मी म्हटलं, दादा काय करतोय तुला माहीत आहे का? म्हणाली, वकिलाच्या घरात दारं बंद करून बोलतात, पण दारं जुनी आहेत. मी म्हटलं, मग तू सांग, मी काय करू? तर म्हणाली, “मला विचारू नका. दोघांनी मिळून ठरवा. तुम्ही दोघांनी मिळून आजवर एकही गोष्ट ठरवलेली नाही.” आणि फोन तिनेच ठेवला. तिची मिनिटं संपली नव्हती, माझी संपली होती.

तर ऐक. स्टँपपेपर पाठवू नकोस, तुझ्या टंकलेल्या मजकुरावर मी सही करणार नाही. तू ‘उपरोक्त’ आणि ‘सदरहू’ घालशील आणि त्यात माझं म्हणणं कुठे गेलं ते मलाच सापडणार नाही. माझ्या हाताने इथेच लिहितो. पाहिजे तर कोर्टात हेच पान दे, चुका असल्या तरी. बोलावलं तर येईन, गाडीभाडं तू द्यायचं.

मी सात वर्षांचा असताना मला छातीचा ताप आला होता. चोवीस दिवस. बाबांनी माझ्या उशाला भिंतीवर कागद लावला होता. त्यावर सकाळ-संध्याकाळ ताप लिहायचे. ज्या दिवशी नळी लावल्यावर माझ्या छातीत केस चोळल्यासारखा आवाज ऐकू येई, त्या दिवशी तापाच्या आकड्याखाली लाल पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्यायचे. मी विचारलं होतं हे काय. ते म्हणाले होते, ‘आतला आवाज. ठिपका असेपर्यंत अंगणात जायचं नाही.’ मी रोज ठिपका आला का बघायचो. सोळा दिवस आला, सतराव्या दिवशी आला नाही, तरी पुढे आठवडाभर त्यांनी मला सोडलं नाही. मग एके दिवशी नळी माझ्या कानाला लावून माझीच छाती मला ऐकवली आणि केसांची बट चोळून दाखवली, की असा आवाज यायला नको. वहीतला ठिपका तोच आहे. तसाच लहान, तिथे आकड्याच्या खाली तसा इथे फिटच्या खाली, डाव्या अंगाला. माझ्या वडिलांना ठाऊक होतं. त्यांना ऐकू येत होतं. ऐकूनही त्यांनी फिट लिहिलं, आणि ऐकल्याची खूण केली.

हे खरं आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेलं नाही. खाली माझी सही. सही नीट आली नाही असं म्हणू नकोस, माझी सही अशीच आहे.

तू पहिल्यांदा ठिपक्याचं विचारलंस तेव्हाच मला आठवलं होतं. पेन्सिलीचं टोक वगैरे मी उगाच लिहिलं. तुला ते वाचताच कळलं असणार, तरी तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस, थांबलास. तेवढ्यापुरतं तुझं बरं होतं. बाकीच्या गोष्टींत माझा संशय तसाच आहे. त्या नऊ बायकांचे पैसे मिळाले की मला एकेकीची पावती दाखव, नाव आणि अंगठ्यासकट.

ठिपका का ठेवला असेल त्यांनी? मी यावर खूप डोकं खाजवलं. कोणाला दाखवायचा असता तर दाखवला असता. लपवायचा असता तर द्यायचाच नव्हता. कंपाउंडर म्हणतो, डॉक्टर माणूस कानाला आलेलं कागदावर उतरवल्याशिवाय राहत नाही, हाताला वळण असतं. असेलही. मला वाटतं ते कुणाला तरी कळावं असं त्यांना वाटत होतं, फक्त ते जिवंत असेपर्यंत नको. पण हे मला वाटतं. हे कोर्टात सांगू नकोस.

वही वेगळ्या पाकिटात, रजिस्टर, पोचपावतीसह. तूही जरा पोचपावतीची वाट बघ. पान मी फाडलं होतं ते परत त्याच्या जागी चिकटव. नळी पाठवत नाही. ती माझी.

आईच्या पेन्शनचं. निकाल लागायच्या आधीच बंद करतील की नंतर, तुला माहीत. मी आजपासूनच मनीऑर्डर सुरू करतो, म्हणजे तिला मधे एकही महिना मोकळा जाणार नाही. तिला सांगायचं की कार्यालयाने पद्धत बदलली, आता टपालाने येतं. ती ओळखेल. ओळखू दे, पण तोंडाने तू सांगू नकोस. आणि पोचपावतीवर तिच्या हातची सही पाहिजे, तुझी नको, कारकुनाची तर नकोच. तिला सरकारकडून किती येतं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, मी अंदाजाने धरलंय. कमी असेल तर वरचे तू घाल, न बोलता. मी करवत सोडली, या आठवड्यापासून लाद्या उचलायच्या कामावर आहे, तिथे धूळ कमी आणि मजुरीही कमी. म्हणून या महिन्याचे एवढेच: सहाशे चाळीस.